सोसायटीच्या फलकावर लोक वाचतील अशी मराठी सूचना कशी लिहायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतेच सोसायटीचे सचिव झालात, फलकावर मराठीत सूचना लावता, पण ती कुणी वाचत नाही. जे दोन-तीन जण वाचतात, ते पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून जातात. काय करावं?

आधी न वाचणाऱ्यांचं बघू. फलकासमोर माणूस उभा असतो तो लिफ्ट खाली येईपर्यंत. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. तेवढ्या वेळात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: कधी, काय आणि मी काय करायचं. आपल्याकडची नेहमीची सूचना मात्र अशी असते:

"सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांची स्वच्छता करण्याचे योजिले असून सदर काम येत्या रविवारी करण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा काही काळ खंडित राहील, तरी सर्वांनी सहकार्य करावे ही विनंती."

यात व्याकरणाची चूक एकही नाही, आणि उपयोगाची माहितीही एकही नाही. येत्या म्हणजे कुठल्या रविवारी? काही काळ म्हणजे किती? आणि सहकार्य म्हणजे नेमकं काय, गच्चीवर जाऊन टाकी घासू लागायची का? तीच सूचना अशी लिहा:

"रविवार, 14 जून
सकाळी 9 ते दुपारी 3 पाणी बंद
कारण: टाक्यांची सफाई

शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.
उघडून पाहिलेला नळ आठवणीने बंद करा.
पाणी येईपर्यंत गीझर आणि वॉशिंग मशीन बंद ठेवा.
पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी वेगळ्या बादलीत काढा, मग पिण्याचे भरा.
अडचण आल्यास सचिवांना फोन करा."

खाली तुमचा फोन क्रमांक, सही आणि सूचना लावल्याची तारीख. बस्स. वरच्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत, बाकीच्या त्याहून लहान.

नळाची ओळ वगळू नका. पाणी गेल्यावर माणूस सवयीने नळ सोडून बघतो, थेंब येत नाही म्हणून तसाच सोडतो आणि सासुरवाडीला जातो. दुपारी पाणी येतं, मोरीच्या जाळीवर पातेलं पडलेलं असतं, आणि संध्याकाळी खालच्या घराच्या छतातून गळती सुरू होते. मग तुम्हाला आणखी एक सूचना लिहावी लागते, आणि ती बरीच कठीण असते.

वेळेचंही तसंच. सफाईवाला "एक वाजेपर्यंत होईल" म्हणाला तर तुम्ही तीन लिहा. त्याचं काम संपणं आणि घरात पाणी येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तळटाकी भरणार, पंप चालणार, गच्चीवरची टाकी भरणार, तेव्हा कुठे नळाला पाणी. सांगितल्यापेक्षा तासभर आधी पाणी आलं तर कुणी तक्रार करत नाही. दहा मिनिटं उशीर झाला तर ग्रुपवर काय होतं, ते तुम्हाला आता कळलंच असेल.

तारीख-वाराचे काही सापळे आहेत. "आज", "उद्या", "येत्या" हे शब्द फलकावर नकोत. कागद चार दिवस तिथेच राहतो आणि त्यावरचा "उद्या" रोज एक दिवस पुढे सरकतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि कॅलेंडरात ताडून बघा. मागच्या वर्षीची फाइल उघडून फक्त तारीख बदलली की वार हमखास जुना राहतो, आणि मग निम्मे लोक वार पाळतात, निम्मे तारीख. "रात्री 12 पासून" असंही लिहू नका. शनिवारची रात्र की रविवारची, यावर वाद होतो. त्याऐवजी "शनिवारी रात्री 11:30 पासून" लिहिलं की प्रश्नच मिटतो. आणि "10 ते 2" एवढंच न लिहिता "सकाळी 10 ते दुपारी 2" असं लिहा.

आता सुराबद्दल. फलकापुढे उभं राहिलं की प्रत्येक सचिवाला पुणेरी पाटी लिहायची हुक्की येते. आवरा. टोमणा पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडतो, त्याचा फोटो ग्रुपवर फिरतो, आणि कचरा जिन्यातच राहतो. "काही सभासद बेजबाबदारपणे वागत असल्याचे निदर्शनास आले आहे" हे वाक्य तर सगळ्यांत निकामी. ते काही सभासद कोण हे अख्ख्या इमारतीला माहीत असतं. फक्त त्यांना स्वतःला ते आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही. एकाच घराची गोष्ट असेल तर त्या घराला पत्र द्या आणि पोच घ्या. फलकावर फक्त सगळ्यांना लागू होणारं लिहा, आणि ते "काय करू नका" यापेक्षा "काय करा" असं लिहा. "जिन्यात कचरा ठेवू नये" यापेक्षा "कचरा सकाळी 8 पर्यंत दाराबाहेर ठेवा, ओला आणि सुका वेगळा" हे जास्त चालतं, कारण त्यात पर्याय दिलेला आहे.

"करण्यात येईल", "घेण्यात येणार आहे" ही रूपं कमी करा. त्यांत काम कोण करणार हे गायब होतं. "लिफ्ट दुरुस्तीची कार्यवाही करण्यात येत आहे" यापेक्षा "लिफ्टचा माणूस मंगळवारी सकाळी येणार आहे" हे वाचून पाचव्या मजल्यावरच्या आजींना निदान दिवस मोजता येतात.

पेनवाल्या मंडळींकडे वळू. सगळं शुद्धलेखन शिकायची गरज नाही. फलकावर तेच ते पन्नासेक शब्द येत असतात आणि त्यांत चुकाही ठरलेल्याच होतात. मराठी साहित्य महामंडळाचे एकूण 18 नियम आहेत, 14 नियम 1962 चे आणि 4 नियम 1972 चे. त्यांतले चार-पाच कळले की सचिवाचं काम भागतं.

सगळ्यांत जास्त लाल खुणा येतात "करु नये", "लावु नये", "ठेवु नये" यांवर. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून करू, लावू, ठेवू. त्याच नियमाने ही, मी, की. "कळविण्यात येते कि" मधला "कि" चूक. अपवाद लक्षात ठेवा: "आणि" आणि "नि" ऱ्हस्वच, आणि सचिवांचे लाडके "तथापि" व "परंतु" हेही संस्कृतातून आलेले म्हणून ऱ्हस्व.

दुसरा नियम: मराठी शब्दात अनुस्वाराच्या किंवा जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार बहुधा ऱ्हस्व. म्हणून भिंत (भींत नाही), शिस्त, दुरुस्ती (दुरूस्ती नाही), आणि इंग्रजीतून आलेले असले तरी पार्किंग, लिफ्ट, मीटिंग. मीटिंगमधला "मी" दीर्घच राहतो, कारण त्याच्यापुढे अनुस्वारही नाही आणि जोडाक्षरही नाही. "टिं" मात्र ऱ्हस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं मूळ रूप सोडत नाहीत: "काम पूर्ण झाले" मधला "पू" दीर्घच.

तिसरा नियम विभक्ती लागल्यावरचा. शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो: मूल, पण मुलांनी; फूल, पण फुले तोडू नयेत; निवडणूक, पण निवडणुकीची तारीख; वकील, पण वकिलांचे पत्र. इथेही संस्कृत शब्द हटत नाहीत: परीक्षा आणि परीक्षेच्या काळात. "परिक्षेच्या काळात स्पीकर लावु नये" या एका ओळीत दोन चुका आहेत, आणि मार्चमध्ये अनेक इमारतींत ती लागते.

चौथी गोष्ट जागा सोडण्याची. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात: लिफ्टमध्ये, गाडीसाठी, सभासदांकडून, पाण्यामुळे. फोनवर बोट फिरवून टाइप केलं की तो "लिफ्ट मध्ये", "सोसायटी च्या" असं तोडतो. छापण्याआधी फक्त या तुटक जागांसाठी एकदा वाचन करा. पाणीपुरवठा, पाणीपट्टी, थकबाकी हे शब्दही जोडून. आणि "कृप्या" नाही, कृपया.

बोलताना "पाणी आलं", "काम झालं" म्हणतो, तसं लिहायला नियमांची आडकाठी नाही, पण ते संवादात किंवा मी इथे लिहितोय तशा बोलीवजा लेखनात. फलकावर "आले", "झाले" बरं. मात्र एकाच सूचनेत दोन्हींची भेळ नको.

टायपिंगची एकच खरी अडचण आहे: कचऱ्याचा डबा, पायऱ्या, दुसऱ्या मजल्यावरचा. फलकावरची निम्मी मराठी या "ऱ्या"वर उभी आहे, आणि छापून येतं "कचर्याचा", "पायर्यांवर". युक्ती सोपी आहे. नेहमीचा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. फोनच्या मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की बहुतेक वेळा तो ऱ दिसतो. संगणकावर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. दोनच दिवसांत बोटांना सवय होते. त्याच मांडणीत ळ हवा तर शिफ्ट धरून एन, आणि "ऑफिस"मधला ऑ हवा तर शिफ्ट धरून उलट्या तिरक्या रेघेची कळ.

जुन्या सचिवांकडून आलेल्या फायली बहुधा जुन्या फॉन्टमधल्या असतात. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. त्या दुरुस्त करत बसू नका. युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीने) नव्याने टाइप करून पाण्याची, लिफ्टची, सभेची आणि गच्ची बंद असल्याची असे चार-पाच नमुने कायमचे ठेवा. छापायच्या दुकानात पीडीएफ पाठवा. वर्डची फाइल दिली तर तिथल्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते.

ए-फोर कागद, मथळा 36 पॉइंट, मजकूर 20 पॉइंटच्या खाली नको, आणि सगळं एका पानात. मजकूर मावत नसेल तर अक्षर बारीक करायचं नाही, शब्द कापायचे. इंकजेटवर छापलेला कागद पावसाळ्यात ओघळतो. लेझर प्रिंट घ्या किंवा प्लास्टिकच्या पाकिटात घाला. काचेच्या फलकावर समोरच्या ट्यूबलाइटचा पट्टा नेमका तारखेवर पडत नाही ना, ते रात्री जाऊन बघा. ग्रुपवर टाकताना फोटोबरोबर तोच मजकूर टाइप करूनही टाका. टाइप केलेला मजकूर पुढे पाठवता येतो, मोठा करून वाचता येतो, आणि मराठी न वाचणाऱ्या भाडेकरूला त्याचं भाषांतरही करून घेता येतं.

एका सूचनेला मात्र ही मोकळीक नाही: वार्षिक सर्वसाधारण सभा. ती 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिची सूचना पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. यात सूचना दिल्याचा दिवस धरत नाहीत आणि सभेचाही नाही. सभा 28 सप्टेंबरला असेल तर सूचना उशिरात उशिरा 13 सप्टेंबरला सभासदांच्या हातात. फक्त फलकावर लावून भागत नाही, प्रत्येक सभासदाला द्यायची आणि पोच ठेवायची. तिथे विषयपत्रिका, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) हे शब्द जसेच्या तसे राहू द्या. हे कायद्याचे कागद आहेत, पुढे उपनिबंधकांसमोर (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर) जाऊ शकतात. गणपूर्ती अर्ध्या तासात झाली नाही तर त्याच दिवशी उशिरा तहकूब सभा घ्यायची असेल, तर तसं मूळ सूचनेतच लिहिलेलं असावं लागतं. ही ओळ विसरली की गणपूर्तीअभावी तुम्हाला दुसरी तारीख काढावी लागते. तुमच्या सोसायटीच्या उपविधींची, म्हणजे नियमावलीची, प्रत काढून हे मुद्दे एकदा पडताळून घ्या.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं. जुने कागद काढा. टाकीसफाईची सूचना लावतानाच कोपऱ्यात पेन्सिलीने "15 जूनला काढणे" असं लिहून ठेवा आणि वॉचमनला ते दाखवून ठेवा. गेल्या गणपतीच्या वर्गणीची यादी अजून तिथेच असेल, तर तिच्या शेजारी लावलेली आजची सूचनाही लोकांना गेल्या वर्षीचीच वाटते.