बोक्याला उन्हाळी लागलीय, बार्लीचं पाणी देऊ का?

प्रश्न : आमचा बोका गोट्या ४ वर्षांचा आहे, नसबंदी झालीय, घराबाहेर जात नाही. गेल्या महिन्यात तो सारखा लिटरमध्ये (त्याच्या शू-शीच्या ट्रेमध्ये) जाऊन बसायचा आणि दोन थेंब शू करून उठायचा, एकदा तर बेसिनमध्ये केली तेव्हा रंग लालसर दिसला, मी घाबरलेच. डॉक्टरांच्या औषधाने आता बरा आहे. पण परत होऊ नये म्हणून नैसर्गिक काय करता येईल? सासूबाई म्हणतात उन्हाळी लागली होती, बार्लीचं नाहीतर धन्याचं पाणी दे. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्या पाण्याने खडे होतात का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट, कारण तुमच्याकडे बोका आहे, मांजरी नाही. बोक्याची मूत्रनळी टोकाकडे फार बारीक असते, तिथे वाळूसारखे कण किंवा चिकट गोळा अडकला की शू पूर्ण बंद होते, रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका जातो. लोक म्हणतात शी होत नाहीये वाटतं, उद्या बघू. तो उद्या बघायचा नसतो. बोका कुंथतोय, ओरडतोय, तिथेच चाटत बसलाय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं की रात्रीचे २ वाजले असले तरी निघायचं. ठाण्यात रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते आजच फोन करून विचारून ठेवा. आणि दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरासाठी ती विष आहे.

आता तुमचा प्रश्न. तरुण मांजरांमध्ये जंतूंचं इन्फेक्शन खरं तर कमीच सापडतं, बहुतेक वेळा मूत्राशयाला सूज असते आणि तिचं एक नक्की कारण सापडत नाही, पण घट्ट लघवी आणि मनावरचा ताण या दोन गोष्टी मागे असतात हे आम्ही रोज बघतो. त्यामुळे सगळ्यात नैसर्गिक औषध म्हणजे पाणी. कोरड्या दाण्यांत जेमतेम ८-१० टक्के पाणी असतं, ओल्या खाण्यात ७५ च्या वर. ४ किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं आणि नुसते दाणे खाणारं मांजर वाटीतून तेवढं पीत नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. म्हणून निदान एक वेळ ओलं खाणं द्या, उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट दिलंत तरी चालेल (त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको, आणि रोजचं पूर्ण जेवण म्हणून नुसतं चिकन पुरत नाही), दाणे असतील तर त्यातही कोमट पाणी घाला. पाण्याची भांडी दोन-तीन ठेवा, पसरट, मिशा न टेकणारी, आणि लिटरपासून लांब. आपल्याकडे लाडाने सुकट, सुके बोंबील घालतात ते मात्र बंद करा, खारवलेलं आणि कोरडं, दोन्ही नको तेच.

सासूबाईंचा सल्ला मायेचा आहे, पण मांजर बार्लीचं पाणी पिणार नाही आणि सिरिंजने बळेबळे पाजलंत तर त्याचाच ताण येईल. खायचा सोडा किंवा व्हिनेगर कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. एक प्रकारचे खडे अल्कली लघवीत होतात, दुसऱ्या प्रकारचे आम्ल लघवीत टिकतात, आतमध्ये कुठले आहेत हे न तपासता लघवी इकडे किंवा तिकडे ढकलणं म्हणजे निव्वळ जुगार. टँकरची काळजी सोडा, पाणी कुठलं यापेक्षा पोटात किती जातंय हे जास्त महत्त्वाचं, तुम्ही पिता तेच गाळलेलं द्या.

लिटर रोज साफ करा, एक मांजर असेल तर दोन ट्रे ठेवा. बिल्डिंगला परांची बांधून रंगकाम सुरू झालं, घरात पाहुणे आले, की तो दुखण्याचा हंगाम समजा आणि त्याला एक शांत खोली द्या.

प्रश्न : आमच्या ६ वर्षांच्या कुत्रीला वर्षभरात तिसऱ्यांदा यूटीआय (लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन) झालाय. क्रॅनबेरीच्या गोळ्या देऊ का? आम्ही दोघं सकाळी साडेसातला निघतो ते रात्री आठला येतो.
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : तुमचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. साडेबारा तास लघवी धरून ठेवायची आणि म्हणून बिचारी पाणीही कमी पीत असेल. लोकलचं टाइमटेबल आपल्या हातात नाही हे मला कळतं, पण दुपारी कुणालातरी चावी देऊन एक फेरी मारायला लावा, नाहीतर बाल्कनीत गवताचा ट्रे लावा, पावसाळ्यात तर तो लागतोच कारण बऱ्याच जणी ओल्यात बसतच नाहीत.

क्रॅनबेरीने झालेलं इन्फेक्शन बरं होत नाही आणि खडा विरघळत नाही. कुत्र्यांमध्ये स्ट्रुव्हाइट नावाच्या प्रकारचे खडे बहुतेकदा इन्फेक्शनमुळेच होतात, खडा आत राहिला की इन्फेक्शन परत, म्हणून तिसऱ्या वेळी नुसती गोळी नको, लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी), सोनोग्राफी आणि साखर तपासून घ्या. मागचा कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला होता का तेही डॉक्टरांना खरं सांगा. झोपेत अंथरूण ओलं होत असेल तर ती वेगळी तक्रार आहे, नसबंदीनंतर काही कुत्र्यांना होते, औषधाने आटोक्यात येते.

कल्चरचा नमुना शक्यतो डॉक्टरांनाच सुईने काढू द्या. साधी तपासणी असेल तर सकाळची पहिली लघवी, मधली धार, स्वच्छ धुतलेल्या कोरड्या वाटीत धरायची, लॅबच्या बाटलीत ओतायची आणि तास-दोन तासांत पोचवायची, उशीर होणार असेल तर तोवर फ्रीजमध्ये.