प्रेपची गोळी फुकट मिळते, तरी कृष्णवर्णीय स्त्रिया केंद्रात का येत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: अटलांटातल्या तुमच्या केंद्रात एचआयव्हीची लागण टाळणारी गोळी, म्हणजे प्रेप, फुकट आहे, तरी कृष्णवर्णीय स्त्रिया फिरकत नाहीत.

माझ्या मते जागा चुकते आहे. दारावर गुप्तरोगांची पाटी असली की 'कुणी बघेल' ही धास्ती आलीच. बऱ्याच जणींना हे औषध नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात हवं असतं, गर्भनिरोधकाच्या त्याच फेरीत. तिथे मात्र डॉक्टर विषयच काढत नाहीत. अमेरिकेत नव्याने निदान होणाऱ्या स्त्रियांत साधारण निम्म्या कृष्णवर्णीय, आणि जाहिराती वर्षानुवर्षं समलिंगी पुरुषांच्या! 'तुम्हाला धोका आहे' अशी सुरुवात नको, तो चारित्र्यावरचा शेरा वाटतो. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या सूचनांनुसार लैंगिक संबंध असलेल्या प्रत्येकीला प्रेपची माहिती द्यायचीच आहे. तेव्हा सरळ म्हणा, 'आम्ही सगळ्यांनाच सांगतो.'

गोळी रोज एक. योनिमार्गात पुरेसं संरक्षण यायला साधारण २१ दिवस लागतात, आणि खाडे चालत नाहीत. संबंधांपुरती घ्यायची २-१-१ पद्धत पुरुषांची, इथे नाही. डेस्कोव्ही ही प्रेपची दुसरी गोळीही नको, योनिसंबंधांसाठी तिला मंजुरी नाही. पण घोळ होतो तो बाटलीने: घरात सापडली की 'हिलाच एचआयव्ही आहे' असा अर्थ निघतो. विमा आईच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर खर्चाचा कागद त्यांच्याकडे जातो. विमा कंपनीला वेगळा पत्ता आधीच कळवायला लावा.

म्हणून अनेकींचा कल इंजेक्शनकडे. डेपो, म्हणजे गर्भनिरोधक इंजेक्शन, घेणाऱ्यांना ते ओळखीचंच वाटतं. कॅबोटेग्राविर कुल्ल्यात: पहिली दोन इंजेक्शनं एका महिन्याच्या अंतराने, मग दर दोन महिन्यांनी एक. जून २०२५ मध्ये मंजूर झालेलं लेनाकापाविर पोटाच्या कातडीखाली, सहा महिन्यांनी. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन गोळ्या. दुसऱ्या दिवसाच्या हातात देऊनच घरी पाठवा. टोचल्या जागी गाठ लागते, कधी महिनोन्महिने राहते, हेही आधीच सांगा. 'आमच्यासारख्यांवर तपासलंय का?' हा प्रश्न टस्कीगीनंतर रास्तच आहे; तिथल्या प्रयोगात (१९३२–१९७२) सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवलं होतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत लेनाकापाविर घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, हा आकडा तोंडपाठ ठेवा.

इंजेक्शन अडतं विम्याच्या पूर्वमंजुरीत, आणि तिची रजा टाकून मारलेली फेरी फुकट जाते. एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली की तोवर त्याच दिवशी गोळी सुरू करा. त्याच रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि हिपॅटायटिस बी तपासा: बी असताना गोळी अचानक थांबवली तर यकृताचा दाह उसळू शकतो.