लेकीने बी.एड. करावं का? पगार दिसतो, पण टेन्शनचं काय

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. लेक बी.एस्सी. मॅथ्स झाली, तिला बी.एड. करायचंय, आणि तुमची बहीण, जी १९९८ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तीच म्हणते "हिला यात घालू नका, लोकांना पगार दिसतो, आमचे हाल दिसत नाहीत". मग पगार, सुट्ट्या बघता हे टेन्शन परवडतं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सांगतो, शंभर टक्के अनुदानित जागेवर, म्हणजे पूर्ण पगार सरकार देतं तिथे, रीतसर लागली तर परवडतं. नाहीतर नाही.

बहिणीच्या पगाराकडे बघून लेकीचा हिशोब मात्र करू नका. बहीण लागली तेव्हा शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीची तीन वर्षं नुसत्या मानधनावर, हा प्रकारच नव्हता, पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार आणि पुढे जुनी पेन्शन. लेकीला आधी टेट (शिक्षक पात्रता परीक्षा, आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी लागते) आणि अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल (सरकारची ऑनलाइन शिक्षक भरती), मग कुठला जिल्हा मिळेल तो, आणि नववी-दहावीला लागली तर पहिली तीन वर्षं १८,००० मानधन (२०२३ च्या आधी तर ८,००० च होतं!), त्यात खोलीभाडं, डबा, येणंजाणं. ही तीन वर्षं घरून थोडा आधार द्यावा लागेल हे धरूनच चला. त्यानंतर बेसिक ३८,६०० वर येतं, वर महागाई भत्ता, घरभाडं, बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, म्हणजे गाडी रुळावर येते. पेन्शन एनपीएसवाली, तिचे १० टक्के कापणार आणि सरकार १४ टक्के घालणार. बाळंतपणाची १८० दिवस भरपगारी रजा, उन्हाळी-दिवाळी सुट्टी, हे खाजगीत कोण देतं सांगा.

आता टेन्शन. माझ्याकडे येणारे शिक्षक मुलांना कंटाळलेले फार क्वचित असतात हो, ते कंटाळतात माहिती भरून भरून, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), पोषण आहाराचा हिशोब, रोज नवीन लिंक, फोटो टाका, त्यात बीएलओची, म्हणजे मतदार यादीची ड्युटी, आणि निवडणूक-जनगणनेला नाही म्हणता येत नाही कारण आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच सरकारला तेवढी सूट ठेवलीय. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टेट पास व्हायला सांगितलंय. पन्नाशीच्या आसपास पुन्हा परीक्षा! बहिणीच्या बोलण्यात ही धास्ती पण असणार, तिला जरा प्रेमाने विचारा. लेक मात्र आठवीपर्यंतच्या वर्गांना लागली तर टेट पास होऊनच आत जाईल, तिला ही टांगती तलवार नाही, आणि हायस्कूलला नववी-दहावी मिळाली तर पोषण आहाराचं झंझटही नाही.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या वाटेची. विनाअनुदानित किंवा वीस-चाळीस टक्के अनुदानावरच्या शाळेत "पुढे अनुदान येईल" म्हणून संस्थेला पैसे भरून चिकटू देऊ नका, मुंबईत आझाद मैदानावर वर्षानुवर्षं आंदोलनाला बसलेले शिक्षक याच आशेवर लागले होते. आणि काही इंग्लिश मिडियमवाले पगाराची सही एका आकड्यावर घेतात नि हातात दुसराच ठेवतात, माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दोन वर्षं हे सोसलं, काम सकाळी सात ते चार आणि रात्री पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप. तिथे ताण तेवढाच, किंबहुना जास्तच, आणि पाठीशी काहीच नाही.

म्हणून बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरू द्या, पण दोन वर्षं बी.एड. करताना बँकेच्या परीक्षांचा अभ्यासही चालू ठेवायचा, अभियोग्यता चाचणीत गणित-बुद्धिमत्ता येतंच, मेहनत वाया जात नाही. भरती कधी निघेल यावर आयुष्य टांगून ठेवायचं नाही. आणि त्याआधी मुख्याध्यापकांना विचारून तिला आठ-दहा दिवस मावशीसोबत शाळेत बसू द्या, तेही माहिती भरायची धावपळ असते तेव्हा. शाळा सुटल्यावर मावशी लॅपटॉप उघडून बसते तेव्हाही तिथेच थांबायला सांगा, मग ती काय म्हणते ते मला कळवा.