रिपोर्टमध्ये ईएफ (हार्ट किती पंप करतं तो आकडा) ५५ टक्के, म्हणजे नॉर्मल आहे, तरी आईला हार्ट फेल्युअर कसं काय?

होऊ शकतं, आणि रिपोर्ट चुकलाय असंही नाही. आधी एक, फेल्युअर म्हणजे हार्ट बंद पडलं असं नाही, शरीराला लागतं तेवढं रक्त पुरवताना ते कमी पडतंय किंवा त्याच्यावर नको तेवढा ताण येतोय, इतकंच (नावच भयानक ठेवलंय लोकांनी).

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर जातं ते. ४० किंवा त्याखाली असेल तर स्नायू ढिला पडलाय, पंपच कमजोर, अटॅक येऊन गेलेल्यांत हे खूप दिसतं. ४१ ते ४९ मधली कॅटेगरी. पण ५० किंवा त्यावर असूनही त्रास होतो तेव्हा बहुतेकदा स्नायू कडक झालेला असतो, आकुंचन नीट पण सैलच पडत नाही, मग रक्त भरतानाच प्रेशर वाढतं आणि ते मागे फुफ्फुसात जातं, म्हणून जिना चढताना दम लागतो. वय, बीपी, शुगर, वजन असलेल्या बायकांमध्ये हा प्रकार जास्त.

हार्टची डावी बाजू बिघडली की उजवी, ही वेगळी वाटणी. डावीकडचं असेल तर आडवं झाल्यावर धाप, उजवीकडचं असेल तर पाय सुजतात, पोट फुगतं. बऱ्याचदा डाव्यामुळेच पुढे उजवं बिघडतं.

ईएफ नॉर्मल म्हणून गोळ्या मात्र बंद करू नका. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, लगेच डॉक्टरांना फोन करा.