प्रश्न वाचकांचे : थर्मल स्कोप घ्यावा तर कोणता, आणि वापरावा तर कुठे?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिथल्या त्याच्या मित्राच्या कुरणात रानडुकरांचा फार उपद्रव असून रात्री त्यांची शिकार करायला कायद्याची आडकाठी नाही, असे तो सांगतो. त्यासाठी त्याला रायफलीवर बसवायचा थर्मल स्कोप घ्यायचा आहे. जाहिरातींत कुणी १८०० मीटर लिहितो, कुणी २५०० मीटर. या आकड्यांचा अर्थ मला कळत नाही आणि त्यालाही तो नीट कळलेला दिसत नाही. निवड करताना काय पाहावे? दिवाळीला येताना तो स्कोप कोल्हापूरला घेऊन येऊ का, असेही त्याने विचारले आहे.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी जाहिरातीतला अंतराचा आकडा तूर्त बाजूला ठेवावा. तो आकडा खोटा नसतो. पण ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तो प्रश्न शिकाऱ्याच्या कामाचा नसतो.

प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानाप्रमाणे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर पडत असतात. त्यांतले साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे किरण थर्मल स्कोप पकडतो आणि उबदार-थंड असा फरक पडद्यावर पांढऱ्या-काळ्या छटांत मांडतो. त्याला चांदणे लागत नाही, बॅटरीचा झोत लागत नाही. साधी काच हे किरण अडवते, म्हणून याचे भिंग जर्मेनियमचे असते आणि किमतीचा मोठा भाग तिथेच जातो. चष्मा लावलेल्या माणसाकडे थर्मलमधून पाहिले तर डोळ्यांच्या जागी दोन काळे चट्टे दिसतात, आणि गाडीच्या बंद काचेतून बाहेरचे काहीही दिसत नाही, तेही याचमुळे.

आता गणित. हल्लीच्या बहुतेक स्कोपांत संवेदकाचा (किरण टिपणाऱ्या सेन्सरचा) एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, १२ मायक्रॉनचा असतो. भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ; ‘३५ मिलिमीटरचे भिंग’ म्हणतात ते यावरूनच) ३५ मिलिमीटर असेल तर १०० मीटरवर एका ठिपक्यात सुमारे ३.४ सेंटिमीटर जागा मावते आणि अंतर वाढेल त्या प्रमाणात हा आकडा वाढत जातो. १८०० मीटरवर तो ६२ सेंटिमीटर होतो. म्हणजे सहा फुटी माणूस पडद्यावर उभे तीन ठिपके एवढाच उरतो. जाहिरातीतले ‘१८०० मीटर’ ते हेच : तिथे काहीतरी उबदार आहे इतकेच कळते, ते काय आहे, हे कळत नाही. याच भिंगातून मीटरभर लांबीचे डुक्कर ३०० मीटरवर लांबीला दहाएक ठिपके आणि उंचीला पाच-सहा ठिपके भरते. तेवढ्यावर डुक्कर, वासरू आणि मोठे कुत्रे यांत फरक करता येईल असे म्हणणारा विक्रेता भेटला, तर त्याला तसा फरक करून दाखवायला सांगावे. दीडशे मीटरवर ठिपक्यांची संख्या दुप्पट होते, तेव्हा मान, पाठीचा उतार आणि सोंड दिसू लागते. म्हणून खरा प्रश्न असा की, मित्राच्या कुरणात गोळी साधारण किती अंतरावरून झाडली जाणार आहे, आणि त्या अंतरावर जनावर ओळखू येईल का. शंभर-दीडशे मीटरसाठी ३५ मिलिमीटरचे भिंग पुरते. त्यापलीकडे मोकळे माळरान असेल तर ५० मिलिमीटरचे पाहावे.

इथे एक गैरसमज जवळजवळ सगळ्यांचाच होतो. ३८४ × २८८ ठिपक्यांच्या संवेदकापेक्षा ६४० × ५१२ चा संवेदक ‘लांबचे स्पष्ट दाखवतो’ असे मानले जाते. भिंग तेच आणि ठिपक्याचा आकारही तोच असेल, तर दोन्हींत डुकरावर पडणारे ठिपके तितकेच असतात. ६४० मध्ये वाढते ती रुंदी : १०० मीटरवर ३८४ चा संवेदक सुमारे १३ मीटर रुंदीचा पट्टा दाखवतो, तर ६४० चा सुमारे २२ मीटर. कळप पळत असताना ही रुंदी फार मोलाची ठरते आणि मोठे भिंग लावूनही दृश्य फार आखडत नाही. पण जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजतो आहोत, हे ठाऊक असावे. डिजिटल झूमला तर काडीचीही किंमत देऊ नये. त्यात आहेत तेच ठिपके फुगवून दाखवलेले असतात.

तापमानातला सूक्ष्म फरक टिपण्याची क्षमता मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात, देतात, आणि तो आकडा जितका लहान तितका चांगला. २५ किंवा त्याहून कमी असलेले उपकरण दमट हवेत उपयोगी पडते, कारण धुके, पाऊस आणि हवेतील बाष्प यांनी चित्र फिके पडते. चित्र सेकंदाला ५० वेळा बदलणारे, म्हणजे ५० हर्ट्झचे असावे; ९ हर्ट्झवर पळते जनावर उड्या मारत पुढे सरकल्यासारखे दिसते. अधूनमधून ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन चित्र क्षणभर थिजते, तो बिघाड समजू नये. संवेदक स्वतःची मोजपट्टी जुळवून घेत असतो. मात्र ते हाताने करण्याची सोय आहे का ते पाहावे, नाहीतर ऐन नेमाच्या क्षणी पडदा थिजायचा. आपल्या रायफलीचा धक्का सोसण्याची हमी स्कोपला आहे का, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

स्कोप बसवल्यावर नेम जुळवताना नवख्याची हमखास फजिती होते. कागदी लक्ष्यावरचे काळे वर्तुळ थर्मलमध्ये दिसतच नाही, कारण कागद आणि शाई यांचे तापमान सारखेच असते. तिकडचे लोक हात शेकण्याची गरम पुडी मध्यभागी चिकटवतात, किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा लावतात. मोकळ्या आकाशाखाली ती पट्टी आकाशाचा थंडपणा परावर्तित करून गडद दिसते.

एवढे सगळे सांगून झाल्यावर आमचा सल्ला असा की, पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर स्कोपआधी हातात धरायची थर्मल दुर्बीण घ्यावी. स्कोप रायफलीवर बसलेला असतो. त्यातून आजूबाजूला शोध घ्यायचा म्हणजे ओळख पटण्याआधी प्रत्येक उबदार वस्तूवर, मग ती मित्राची गाय असो की मित्राचा शेजारी, बंदूक रोखायची. शोध आणि ओळख दुर्बिणीने करावी, बंदूक नंतर उचलावी. शिवाय थर्मलमध्ये अंतराचा अंदाज येत नाही, मधली वाळकी फांदी आणि कुंपणाची तार बऱ्याचदा दिसत नाही, आणि डुकरामागे मातीचा चढ आहे की मोकळे रान, हेही नीट उमगत नाही. रायफलीची गोळी तीन किलोमीटरहून दूर जाऊ शकते, म्हणून ती जागा दिवसा चालून पाहिलेली असावी.

कायद्याबाबत दोन गोष्टी. टेक्सासमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरे मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, हे खरे आहे. परंतु आपले चिरंजीव एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूक बाळगायलाच सहसा मनाई असते आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक प्रमुख अपवाद आहे. म्हणजे डुकरासाठी नको असलेला परवाना बंदुकीसाठी मात्र लागतो. वकिलाला विचारल्याशिवाय त्यांनी या भानगडीत पडू नये. आणि स्कोप दिवाळीला इकडे मुळीच आणू नये. अशी उपकरणे अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात, आणि इकडच्या विमानतळावर बंदुकीच्या दुर्बिणीचे स्पष्टीकरण देत बसण्यात सणाचे दोन दिवस सहज जातील.

प्रश्न : भुदरगड तालुक्यात माझी दोन एकर शेती आहे. भुईमूग आणि मका काढणीला आला की रानडुकरे एका रात्रीत वाट लावतात, आणि अलीकडे गवेही खाली उतरू लागले आहेत. माझ्या वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. तिच्यावर थर्मल स्कोप बसवून रात्री राखण करता येईल का?
— एक शेतकरी, भुदरगड

उत्तर : ठासणीच्या बंदुकीवर थर्मल स्कोप म्हणजे बैलगाडीला विमानाचे चाक. पण आपला प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार आपल्या देशात वन्य प्राण्यांच्या शिकारीला मनाई आहे. परवाना काढून शिकार करण्याची जी सोय पूर्वी होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फास लावणे, विष घालणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे येते; तेव्हा ‘गोळी लागलीच नाही’ हा बचाव होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गवा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद होते, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. बंदूक आणि वाहन जप्त होते ते वेगळेच. ज्या दाजीपूरच्या रानात एके काळी संस्थानची राखीव शिकार चाले, तेच रान १९५८ पासून अभयारण्य आहे, आणि आपल्या मक्यात उतरणारा गवा बहुधा त्या बाजूचाच.

पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत कलम ११ मध्ये वाट ठेवलेली आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो, आणि मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे होते. त्यासाठी आपल्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी ‘बघा काय ते’ या उत्तरावर विसंबू नये. बंदुकीचा परवाना वडिलांच्या नावावर असेल तर ती आपण वापरू शकता का, हेही परवाना देणाऱ्या कार्यालयातून आधी लेखी विचारून घ्यावे.

यापलीकडे, आपल्या भागात रात्री थर्मलमधून गोळी झाडण्याला आमचा जो विरोध आहे तो नुसता कायद्यापोटी नाही. गेल्या थंडीत गारगोटीच्या अलीकडे एका परिचितांच्या रानात आम्ही ३८४ ची हातातली थर्मल दुर्बीण घेऊन बसलो होतो. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. दिवसभर तापलेले बांधाचे काळे दगड अजून पांढरे चमकत होते. उसाच्या कडेला, अंदाजे दोनशे मीटरवर, जमिनीलगत एक उबदार गोळा हलला. आकाराने बुटका, बेढब, मध्ये उजळ आणि कडांना विझलेला. आमच्यातल्या दोघांनी डुक्कर म्हणून शपथ घेतली असती. बांधाबांधाने साठ मीटरपर्यंत गेल्यावर गोळ्यातून एक हात बाहेर आला आणि विडी पेटली. घोंगडे पांघरून बसलेला पाणक्या होता. घोंगड्याने अंगाची ऊब अडवली होती, म्हणून चेहरा आणि हात एवढेच चमकत होते. शेतीची लाइट रात्रीची असली की पाणी पाजायला माणसे रानातच असतात, आणि गळिताच्या हंगामात तोडकऱ्यांची खोपटीही तिथेच पडतात. टेक्सासच्या कुरणात रात्री बहुधा माणूस नसतो. आपल्याकडे तो सरीत बसलेला असतो.

राखणीसाठी मात्र हीच दुर्बीण, बंदुकीविना, फार उपयोगी आहे. आपल्या दोन एकरांना मोठे भिंग नको. १५ ते २५ मिलिमीटरचे पुरे, कारण आपल्याला लांब नव्हे तर रुंद पाहायचे आहे. उभ्या उसात ती आंधळी असते, कारण पाल्याआडची ऊब तिला दिसत नाही. म्हणून उसाकडे न पाहता ऊस आणि भुईमूग यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यावर ती धरावी, आणि शक्यतो माळ्यावर बसावे. कळप रोज साधारण एकाच जागेतून बाहेर पडतो. ती जागा दोन-तीन रात्रींत सापडते, आणि मग डबा वाजवायचा, फटाके लावायचे की झटका मशीनची तार आधी तिथे ओढायची, हे ठरवता येते. तार झटका मशीनचीच असावी. घरची किंवा मोटारीची सरळ लाइन कुंपणात सोडणे म्हणजे मनुष्यवधाला आमंत्रण. पहाटे थर्मलचे चित्र सर्वांत स्वच्छ असते, कारण दगड आणि माती तोवर निवालेली असतात. दुर्बिणीत चित्रण करण्याची सोय असेल तर तारीख-वेळ लावून ठेवावी. पंचनाम्याच्या वेळी दाखवायला ते हाताशी राहते. नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे लगेच अर्ज करावा, आणि गवा वस्तीजवळ आला तर त्याच्यामागे न धावता १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : थर्मलपेक्षा डिजिटल नाइट व्हिजन बरेच स्वस्त मिळते. राखणीला ते चालणार नाही का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चालते, पण त्याचे काम निराळे आहे. त्यात साध्या कॅमेऱ्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त दिव्याची जोड असते. जनावर कुठे आहे ते आधीच ठाऊक असेल, तर त्याचे कान, सुळे आणि अंगावरचे केस हे उपकरण थर्मलपेक्षा स्पष्ट दाखवते. जनावर शोधून काढण्यात मात्र ते मागे पडते, आणि समोर गवत असले की दिव्याचा उजेड गवतावरूनच परत येऊन सगळा पडदा पांढरा होतो. दिवा ८५० नॅनोमीटरचा असेल तर समोरून बारीक लालसर ठिपका दिसतो, ९४० चा असेल तर तोही दिसत नाही, पण पल्ला कमी होतो. घराशेजारच्या परड्याला ते पुरेसे आहे.