जुन्या छोट्या ट्रॅक्टरची चाके किती अंतरावर ठेवावीत?

प्रश्न : जुना फर्ग्युसन टीई-२० दुरुस्त करून घेतला आहे. कोळपणीसाठी चाकांचे अंतर किती ठेवावे? त्याच्याकडून आणखी कोणती कामे घेता येतील?

उत्तर : पेरणीआधी विचारलेत हे फार बरे केले. पीक वीतभर वर आल्यावर पाना (स्पॅनर) हातात घेऊन चाकांशी झटणारेच जास्त भेटतात.

१९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या या ट्रॅक्टरची मागची चाके ४८ ते ७६ इंचांपर्यंत, ४-४ इंचांच्या टप्प्याने सरकतात. हे अंतर एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. दोन ओळी पोटाखाली घेऊन चालायचे तर ते ओळींमधील अंतराच्या दुप्पट हवे. ओळी २४ इंचांवर असतील तर ४८, २८ वर असतील तर ५६, ३० वर असतील तर ६०. २५ इंचांवर पेरलेत तर चाक ५० वर बसणारच नाही. म्हणून आधी चाके ठरवा, मग पेरणी यंत्राचे फण त्याप्रमाणे लावा. १० इंची टायर २४ इंचांच्या पट्ट्यातून गेला की दोन्ही बाजूंना ७-७ इंचच उरतात. पसरणारे पीक असेल तर कोळपणी लवकर उरका.

चाके काढताना जॅकवर भरवसा ठेवू नका, आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. काही टप्प्यांना डावे चाक उजवीकडे जाते, त्यामुळे बसवून झाल्यावर मागे उभे राहून पाहा : टायरच्या बाणासारख्या नक्षीचे टोक वर दिसले पाहिजे. तासभर चालवून नट पुन्हा आवळा. पुढचा आसही तेवढाच रुंद करा. त्याची रचना अशी आहे की स्टिअरिंगच्या दांड्यांना हात लावावा लागत नाही.

पेरणी, कोळपणी, फवारणी, हलकी ट्रॉली, गवत कापणे ही त्याची कामे. नांगर हलका लावा आणि चाके जवळ घ्या, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. रोटाव्हेटरचा मोह मात्र टाळा : पहिला गिअरही त्याला वेगवान पडतो, आणि क्लच दाबला की पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) व अवजार उचलणारे हायड्रॉलिक दोन्ही थांबतात. गवत कापणीत उलटाच धोका. क्लच दाबूनही कापणी यंत्राच्या फिरत्या पात्यांचा जोर गिअरमधून ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो, आणि बांध जवळ असला तर ब्रेक अपुरे पडतात. पीटीओवर ओव्हररन कपलर (यंत्राचा जोर उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा जोड) बसवल्याशिवाय ते यंत्र जोडू नका.

ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढपट्टीलाच) जोडा, अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला कधीही नाही. तिथून ओढले की पुढची चाके उचलली जातात. या ट्रॅक्टरला चालकाभोवती संरक्षक चौकट नसते. उताराच्या शेतात चाके रुंद ठेवा, ओळी कितीही अरुंद असल्या तरी.