टी-शर्टवरून बेतलेला सुती सदरा डोक्यातून का जात नाही

प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांच्या मुलाचा होजिअरीचा टी-शर्ट कापडावर ठेवून सुती सदरा बेतला, तो डोक्यातून जाईना. गळा वाढवला तर खांदे घसरायला लागले. गळ्याच्या पट्टीला चुण्या पडल्या त्या वेगळ्याच, आणि सोबतच्या चड्डीच्या इलॅस्टिकचे कमरेवर वळ उठतात.

गळा आणि खांद्याचं दुखणं एकच आहे. होजिअरी ताणते, मागावरचं सुती कापड ताणत नाही. या वयात डोक्याचा घेर साधारण 48 सेंमी असतो, छाती त्याहून थोडीशीच जास्त आणि मान मात्र जेमतेम 24-25. टी-शर्टचा 34 सेंमीचा गळा ओढून 50 होतो म्हणून डोक्यातून उतरतो. सुती कापडात 34 म्हणजे 34च. बरं, 50 घेराचा गोल गळा काढावा तर त्याची रुंदी 16 सेंमी होते. पाठीची रुंदी खांद्यापासून खांद्यापर्यंत 24 च्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे 4-4 सेंमीच खांदा उरला. तो घसरणारच. शिवाय टी-शर्टला छातीत ढिलाई कमी असते. सुती सदऱ्याला छातीच्या मापावर निदान 10 सेंमी हवी, नाहीतर हात वर केला की मुंढ्यात (बाही जोडतो त्या घेरात) कापड ओढलं जातं.

यावर मला तरी एकच सरळ उपाय दिसतो: गळा मानेपुरता ठेवायचा आणि गळ्यापासून खाली, वर बटणाने मिटणारी चीर द्यायची. चिरेच्या दोन्ही कडा घेरात मोजल्या जातात. 30 सेंमीचा गळा आणि 10 सेंमीची चीर मिळून 50 सेंमीची वाट मोकळी होते. शिवण्याआधी दोऱ्याला गाठ मारून 50 सेंमीचा वेढा करा आणि तो मुलाच्या कानांवरून, नाकावरून उतरवून पाहा. अडकला तर चीर 1 सेंमीने वाढवा, गळा नाही. गळ्याचं माप नेहमी शिलाईच्या रेषेवर घ्यायचं. 6 मिमी माया (शिलाईच्या बाहेर सोडलेलं जादा कापड) सोडली असेल तर कापलेली कड शिवल्यावरच्या घेराहून जवळजवळ 4 सेंमी कमी भरते. ती पाहून ‘लहान वाटतोय’ म्हणत पुन्हा कात्री चालवली की गळा हाताबाहेर जातो.

चिरेसाठी 6 सेंमी रुंद आणि 13 सेंमी लांब अस्तरपट्टी घ्या. सदऱ्याच्या मागच्या भागावर मधोमध, सुलट बाजूंवर सुलट बाजू येईल अशी ती ठेवून चिरेची रेष आखा. वरच्या टोकाला रेषेपासून 4 मिमी अंतरावरून शिलाई सुरू करा आणि खाली टोकाकडे निमुळती होत या. शेवटचे 2 सेंमी टाका 1.5 मिमीवर आणा. टोकाशी सुई कापडात रुतवून ठेवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचला, कापड वळवा, एक टाका आडवा घाला, पुन्हा वळवा आणि दुसऱ्या बाजूने वर जा. तो एक आडवा टाका टाळलात तर पट्टी उलटवायला टोकाशी जागाच राहत नाही. मग मधोमध कापत जायचं ते त्या टाक्याच्या एक-दोन धागे अलीकडेपर्यंत. चार धागे आधी थांबलात तर टोकाशी हमखास चुणी पडते, टाका कापला गेला तर भोक. कापड विरळ असेल तर टोकाला उलट बाजूने फ्यूजिंगचा (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराचा) नखाएवढा तुकडा आधी चिकटवून घ्यावा. पाठीवर लोळणाऱ्या तान्ह्या बाळासाठी मात्र मागे बटण नको, ते टोचतं. चीर पुढे घ्या.

आता गळ्याच्या पट्टीच्या चुण्या. पट्टी आत उलटवून शिवली की तिची सुटी कड गळ्यापासून 1 सेंमी लांब जाते, म्हणून तिला जवळपास 6 सेंमी जास्त लांबी लागते. ही लांबी पट्टीने ताणून द्यायची असते. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलेली पट्टी ताणत नाही, मग ती गळाच आखडून घेते. पट्टी धाग्यांशी 45 अंशांत, म्हणजे उरेब (तिरपी) कापा, रुंदी 2.5 सेंमी. गळ्याला जोडताना अजिबात ओढू नका; ताण पुढे, इस्त्रीने सुट्या कडेला द्यायचा. जोडल्यावर गळ्याच्या मायेला दर सेंटिमीटरला चीर पाडा, शिलाईच्या 1 मिमी अलीकडेपर्यंत. कंटाळा येतो, पण ही पायरी गाळली की मग कितीही इस्त्री फिरवा, गळा सपाट बसत नाही. गळा कापल्याबरोबर कडेपासून 4 मिमीवर एक साधी शिलाई मारून ठेवलीत तर हाताळताना तो पसरणारही नाही.

कापड बेतण्याआधी धुऊन घ्या, नंतर ज्या पाण्यात आणि जसं धुणार त्याच पद्धतीने. कोरं सुती कापड 3 ते 5 टक्के सहज आटतं. 50 च्या वाटेतले 2 सेंमी एवढ्यातच गेले.

चड्डीचे वळ बहुतेक अरुंद इलॅस्टिकमुळे पडतात. 6 मिमीऐवजी 2 सेंमी रुंदीचं घ्या. लांबी कमरेच्या मापातून 3-4 सेंमी वजा करून अधिक जोडाचे 2 सेंमी. डायपर घालत असेल तर कमर डायपरवरून मोजा. नेफा इलॅस्टिकहून फक्त 3 मिमी रुंद ठेवा, सैल नेफ्यात ते पिळतं. ओवून झालं की बाजूच्या शिवणींवर उभी शिलाई मारून टाका. मागचा भाग पुढच्यापेक्षा 2-3 सेंमी उंच बेतला नाही तर बसताना चड्डी मागून खाली येते.

नाडीची हौस असेल तर ती गळ्याशी आणि टोपीला नको. कपडा कुठे अडकला तर फास बसतो; युरोपातलं ईएन 14682 हे मानक 7 वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत गळ्यापाशी आणि टोपीला नाडी चालवून घेत नाही. बटण दुहेरी दोऱ्याने शिवा आणि गाठ पक्की करून ओढून पाहा. सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. लाळेऱ्याला बंदापेक्षा टिच बटण बरं, कारण ओढलं की ते सुटतं. झोपवताना लाळेरं काढूनच ठेवायचं.

आधीचा मोठ्या गळ्याचा सदरा फेकू नका. गळा 50 च्या आसपास असेल तर चिरेची गरजच नाही. चुण्यांची पट्टी उसवून उरेब पट्टी लावा, सुटी कड शिवताना मागे 2 सेंमी उघडं ठेवा, आणि त्या वाटेने 6 मिमी रुंद, 33 सेंमी लांब इलॅस्टिक ओवून टोकं 2 सेंमी एकमेकांवर ठेवून शिवा. एरवी तो 31 वर बसेल, घालताना पुन्हा 50 होईल. चुण्या राहतील, पण आता त्या मुद्दाम घातल्यासारख्या दिसतील.